राजाभाऊंची शनिवारची खुर्ची

मिर्दिफमध्ये जेवायला कुठं जावं, हे फोनला विचारणारा माणूस नवीन आलेला असतो. जुना माणूस राजाभाऊंना विचारतो.

तसं बघायला गेलं तर मिर्दिफ म्हणजे कुणी मुद्दाम जेवायला यावं असली जागा नाही. दुबईचे मनोरे लांब, धुळीच्या पडद्यामागं. इथं सगळ्या भिंती वाळूच्या रंगाच्या, भिंतीवरून लोंबणारी बोगनवेल, गाड्यांच्या सावलीत पसरलेली मांजरं आणि डोक्यावरून पोट दाखवत उतरणारी विमानं. विमान गेलं की परत अशी शांतता की शेजारच्या व्हिलात कुणी चहात साखर ढवळली तरी कळावं. या शांततेत कुठल्या गल्लीत काय शिजतंय हे शोधायला नाक लागतं. ते राजाभाऊंकडे आहे, आणि चांगलं ठसठशीत आहे.

राजाभाऊ जगदाळे. गाव सासवड, वय पन्नाशीच्या पलीकडं, नोकरी जबल अलीतल्या एका गोदामात. कुठला कंटेनर कुठल्या दाराला लावायचा, हे ठरवायचं त्यांचं काम. घरी आल्यावर तेच काम ते माणसांचं करतात.

"राजाभाऊ, सासूबाई आल्यात पुण्याहून. कुठं नेऊ?"

राजाभाऊ लगेच तोंड उघडत नाहीत. आधी तीन गोष्टी विचारतात. भूक कशी आहे, बोलायचंय का बोलणं टाळायचंय, आणि घरी परतल्यावर एकट्यानं खातात का चारचौघांत.

"बोलणं टाळायचंय म्हणता? मग पेट्रोल पंपामागचा इराणी कबाबवाला. ताट असं येतं की पलीकडचा माणूस दिसत नाही."

नवराबायको भांडून आले असतील तर त्यांना ते येमेन्याकडं मंदी नावाचा मटणभात खायला धाडतात. तिथं गालिच्यावर मांडी घालून दोघांनी एकाच थाळ्यात जेवायचं. "एका थाळ्यात हात घातल्यावर किती वेळ तोंड फिरवून बसणार? भात संपायच्या आत मिटतंय." ऑफिसात बढती हुकलेल्याला फिलिपिनी बेकरी, कारण तिथला गरम पाव हातात धरून बसलं की बरं वाटतं. मेनूकार्डावर पदार्थापेक्षा फोटो मोठा असेल तिथं मात्र कुणालाच नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. आणि दिरहमचे रुपये राजाभाऊ फक्त वाईट जेवणानंतर करतात. चांगलं जेवण झालं की त्यांना भाव आठवत नाही.

"बाबा, यू आर लाइक अ ट्रॅफिक सिग्नल फॉर हंग्री पीपल," असं त्यांचा मुलगा अथर्व म्हणतो. राजाभाऊंना ते कौतुक वाटतं. तो कौतुकानं म्हणतो की नाही, हे त्यांच्या बायकोनं, शोभनाताईंनी, त्यांना सांगितलेलं नाही.

एवढ्या जागा सांगितल्या, पण एक जागा राजाभाऊंनी जिवात जीव असेपर्यंत सांगायची नाही असं ठरवलं होतं. ती म्हणजे अल बहार कॅफेटेरिया.

त्यांच्या घरामागच्या गल्लीत दुकानांची एक बुटकी रांग आहे. लाँड्री, सलून, किराणा, आणि टोकाला अल बहार. चालवतात यहया आणि खतीजा, नवराबायको, श्रीवर्धनचे. समोरून बघाल तर चारशे कॅफेटेरियांसारखंच एक. लोक गाडी लावतात, उतरायचे कष्ट न घेता हॉर्न मारतात, यहयाभाई पळत जाऊन काचेतून करक, म्हणजे कडक दुधाचा चहा देतात. पराठ्यात चीज, चीजमध्ये चिप्स चुरून. राजाभाऊ त्याला पराठ्याचा अपघात म्हणतात.

पण शनिवारी सकाळी मागच्या स्वयंपाकघरात खतीजाबी घरचं करतात. घावने, नारळाच्या दुधातलं मटण आणि सांदणं. तांदळाची, वाफवलेली, पांढरीधोप, बोट टेकवलं की दबून परत वर येणारी. बोर्डावर त्यांचं नाव नाही. दुकानाच्या कडेला घाफाचं एक झाड आहे, त्याखाली एक प्लास्टिकची खुर्ची, तिचा एक हात मोडका. त्या खुर्चीत बसून राजाभाऊ पहिल्या घाण्याची सांदणं खातात. सांगितलं असतं तर मिर्दिफचं अख्खं मराठी मंडळ पुढच्या शनिवारी झाडाखाली उभं राहिलं असतं, आणि खुर्ची एकच होती.

"काय राव, आठवडाभर मी जगाला विचार करून जेवायला घालतो," ते शोभनाताईंना म्हणायचे. "एक दिवस मला विचार न करता खायचंय."

तर एका शनिवारी राजाभाऊ जाऊन बसले आणि सांदणं आलीच नाहीत. यहयाभाई नुसता चहा घेऊन आले.

"आज खतीजाचा हात चालत नाय, राजाभाव. दुकान जातंय आमचा."

"जातंय म्हणजे? कुठं जातंय?"

"कुठं नाय. खलास होतंय."

झालं होतं असं. दुकानांची ती रांग समोरच्या व्हिलातल्या उम्म राशिदची. वयस्कर बाई, नवरा वारलेला, मुलं अबुधाबीत. करार दरसाल मार्चअखेर वाढवायचा, तो तिचा एजंट नीरव बघतो. यंदा नीरव येऊन सांगून गेला की बाकी दुकानांचा वाढेल, अल बहारचा नाही. तिच्या भाच्याला तिथं कॉफीचं दुकान टाकायचंय.

"कसली कॉफी?"

"ती असते ना. राखाडी भिंत, एक झाड कुंडीत, आणि कप एवढासा."

राजाभाऊंनी चहा खाली ठेवला. खुर्चीच्या मोडक्या हातावरून हात फिरवला. राखाडी भिंतीच्या दुकानात सांदणं होत नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"भाचा आजचा आहे का? इतकी वर्षं तिनं तुम्हाला ठेवलं, मग आताच का बिनसलं? काहीतरी टोचलंय तिला. काय टोचलंय ते शोधायचं."

तेवढ्यात गल्लीत एक पांढरी धिप्पाड जीप आली आणि तिनं असा हॉर्न मारला की घाफावरची साळुंकी उडाली. समोरच्या व्हिलाचा पडदा हलला. राजाभाऊंनी यहयाभाईंकडं बघितलं, यहयाभाईंनी राजाभाऊंकडं.

"सापडलं," राजाभाऊ म्हणाले.

पुढच्या शनिवारी मिर्दिफच्या त्या गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ गोदामातलं पिवळं चकाकतं जाकीट घालून, पोट पुढं काढून उभे होते. गाडी वळली की हात आडवा.

"हबीबी, नो हॉर्न. क्या चाहिए?"

"टू करक."

"चीनी?"

"एक कम, एक ज़्यादा."

"यल्ला, आगे लगाओ. काच नीचे रखो."

आणि राजाभाऊ दुकानाकडं पळत. गोदामात दोनशे माणसं ज्यांच्या एका शिट्टीवर हलतात, ते दोन्ही हातांत कागदी कप धरून गाडीच्या काचेशी वाकत होते. एका पाकिस्तानी टॅक्सीवाल्यानं त्यांना चाचा म्हणून दुवा दिली. एका बाईनं पराठा परत केला, चिप्स मऊ पडल्या म्हणून. त्यांनी तोही मुकाट्यानं परत नेला. अकराच्या सुमाराला अथर्व फुटबॉलहून येताना गल्लीत शिरला, बापाला बघून तसाच मागं वळला आणि लांबच्या रस्त्यानं घरी गेला.

"आई, बाबा इज डायरेक्टिंग ट्रॅफिक. फॉर फ्री."

"टोपी घातलीय का त्यांनी?" शोभनाताईंनी विचारलं.

दिवसभरात एकही हॉर्न वाजला नाही. संध्याकाळी राजाभाऊंचे पाय भाकरीसारखे टम्म फुगले होते, पण चेहरा विजयी. त्यांनी स्वतः नीरवला फोन लावला.

नीरव बाईंशी बोलला आणि पुन्हा फोन केला. "अंकल, मॅडम बोलती है, हॉर्न का उसको कुछ नहीं. वो तो हॉर्न सुन के टाइम पास करती है, कौन आया, कौन गया. आज एकदम शांति थी तो उसने ड्रायव्हर को पूछा कि कोई मर गया क्या."

"मग प्रॉब्लेम क्या है?"

"वो बोलती है, उन लोगों को पड़ोसी का क़ायदा मालूम नहीं. बस इतना ही बोली. फिर चाय पीने लगी."

राजाभाऊ घरी येऊन सोफ्यावर आडवे झाले. पाय गरम पाण्याच्या बादलीत. शेजाऱ्याचा कायदा म्हणजे काय असेल, याची त्यांनी मोठ्यानं उजळणी सुरू केली. कचरा? यहयाभाई झाडू मारतात. पार्किंग? तिच्या गेटसमोर कुणी लावत नाही. वास? वासावर कुणी रागावेल, हे त्यांच्या डोक्यात बसेना.

शोभनाताई ओट्यापाशी होत्या. त्यांनी वरचं कपाट उघडलं. आत तीन डबे होते, एकही त्यांचा स्वतःचा नाही.

"हा वरच्या मजल्यावरच्या समिधाचा. दिवाळीपासून आहे. तिनं चकल्या दिल्या होत्या, मी म्हटलं अनारसे घालून देईन. अनारसे विरघळले तुपात. मग म्हटलं तिळगूळ घालून देऊ. मग तुम्ही आजारी पडलात." त्यांनी दार लावलं. "समिधा परवा लिफ्टमध्ये भेटली. हसली, पण नेहमीसारखी नाही हसली."

"त्याचा इथं काय संबंध?"

"खतीजाबींना विचारा, त्या बाईचं भांडं अडकलंय का म्हणून."

राजाभाऊंनी बादलीतून पाय काढले. तसेच ओल्या चपलांनी मागच्या गल्लीत गेले. खतीजाबी परात घासत होत्या.

"खतीजाबी, उम्म राशिदचं एखादं भांडं आहे का तुमच्याकडं?"

खतीजाबींचा हात थांबला. त्यांनी नुसती मान वर करून फ्रीजरकडं बघितलं. फ्रीजरवर फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. यहयाभाई इतके दिवस त्याला जुना मिक्सर समजत होते.

फडकं सुटलं. आत एनॅमलचं खोलगट भांडं, पांढरं, निळ्या काठाचं, झाकणावर लाल गुलाब. एका पाकळीचा टवका उडालेला. असलं भांडं आता कुठल्या मॉलात मिळत नाही.

"गेल्याच्या गेल्या रमजानात गव्हामटणाचा हरीस पाठवलान् तिनं, तुमीपन खाल्लाव तो," खतीजाबी म्हणाल्या. "रोजा सोडायच्या टायमाला ड्रायव्हर घेऊन आयला. आता रिकामा भांडा कसा देव, राजाभाव? आमच्यात देत नाय."

"आमच्यात तरी कुठं देतात."

"मी म्हटला ईदेला सांदणा घालून देन. ईदेला सांदणा बसली, तव्यासारखी. मग म्हटला बकरी ईदेला मटण देन, तवा हा आजारी. मग किती महिने झाले. इतक्या उशिरानं नुसती सांदणा कशी नेव? म्हटला आता बिर्याणी पायजे. मग अजून उशीर झाला. मग म्हटला बिर्याणीन् काय व्हतंय, आता बकराच पायजे."

"म्हणजे अजून एक वर्ष गेलं असतं तर उंट."

यहयाभाई हसले. खतीजाबींनी फडकं त्यांच्या अंगावर फेकलं आणि मग स्वतःच डोळ्यांना पदर लावून बसल्या. "तिचा रमजानाचा भांडा, आनि मी झाकून ठेवलाय चोरासारखा. समोरून जाते तर मान खाली घालते. तिना वाटत असेल, घमेंडी हाय."

आता प्रश्न उरला होता राजाभाऊंच्या धंद्यातला. भांड्यात घालायचं काय? दोन वर्षांचा उशीर, दुकान पणाला, आणि खाणारी एक वयस्कर बाई. यहयाभाई म्हणाले, मुहैस्नाहचा कसाई ओळखीचा आहे, उद्याच बकरा सांगतो. राजाभाऊ डोळे मिटून उलट्या बादलीवर बसले आणि त्यांनी आपले नेहमीचे तीन प्रश्न विचारले.

"भूक कशी आहे तिची?"

"म्हातारी बाई. चिमणीवानी खात असेल."

"बोलायचंय का टाळायचंय?"

"ती बोलायलाच बसलीय, राजाभाव. खिडकीत बसून हॉर्न मोजतेय."

"आणि जेवते कुणाबरोबर?"

खतीजाबी हळूच म्हणाल्या, "एकटीच."

"मग बकरा कशाला? बकरा बघून ती घाबरेल. एकट्या माणसाला एवढं मोठं भांडं दिलं की त्याला आपण एकटे आहोत हेच आठवतं. तुम्ही शनिवारी जे घरच्यासारखं करता, तेच द्या. सांदणं. पहिल्या घाण्याची."

एवढं बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पहिला घाणा कुणाचा असतो ते. खतीजाबींच्याही लक्षात आलं. त्यांनी विचारलं, "मग तुमी काय खाताव?"

"मी," राजाभाऊ म्हणाले, आणि बादलीवरून उठले. "मी चिप्सवाला पराठा खाईन."

पुढच्या शनिवारी अल बहारच्या मागच्या बाजूला असं वातावरण होतं की जणू आत बाळंतीण आहे. खतीजाबींनी कुणाला आत घेतलं नाही. यहयाभाई गाड्यांना हॉर्न मारू द्यायला मोकळे झाले होते, पण तेच ओठांवर बोट ठेवत होते. राजाभाऊ झाडाखाली खुर्चीत बसून चिप्सचा पराठा चावत होते आणि दर घासाला त्याचे रुपये करत होते.

आतून खतीजाबींचा आवाज आला. "राजाभाव, या. बघा."

झाकण उचललं. वाफ बाजूला सरली. सांदणं अशी वर आली होती की एकमेकांना खेटून उभी. राजाभाऊंनी एकावर बोट टेकवलं. दबलं, परत वर आलं. त्यांनी बोट तोंडात घातलं नाही, पण बराच वेळ तसंच हवेत धरून ठेवलं.

उम्म राशिदच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, एसी इतका थंड होता की भांड्यावरची वाफ पुन्हा दिसायला लागली. भिंतीला गाद्या, मध्ये कॉफीची चोचदार किटली आणि खजूर. बाई लहानशा, काळ्या कपड्यांत, डोळे मात्र गल्लीत कोण आलं नि गेलं याचा हिशोब ठेवणारे. जुन्या माणसांना येते तशी हिंदी त्यांना येत होती, मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून त्यांच्या वडिलांनी आणि वडिलांकडून त्यांनी उचललेली.

त्यांनी आतल्या पदार्थाकडं बघितलंच नाही. आधी झाकण उलटंसुलटं केलं, पाकळीचा टवका अंगठ्यानं चाचपला.

"ये मेरी माँ का है," त्या म्हणाल्या. "दो साल किधर था?"

खतीजाबी तयारी करून आणलेली सगळी वाक्यं विसरल्या. "अम्मा, ख़ाली कैसे देती?"

"ख़ाली?"

"हमारे उधर बर्तन ख़ाली वापस नहीं करते. भरने को अच्छा कुछ बनता ही नहीं था. फिर शरम आई. फिर और शरम आई."

उम्म राशिदनी झाकण खाली ठेवलं. "हम भी ख़ाली नहीं देते. इसलिए तो हम राह देखा. एक रमज़ान, दो रमज़ान. हम समझा तुम लोग हमारा हरीस फेंक दिया. बर्तन भी फेंक दिया."

"तौबा अम्मा. फेंका नहीं, खाया. सबने खाया."

"कौन सबने?"

खतीजाबींनी मागं बघितलं. दाराशी राजाभाऊ चपला हातात धरून उभे होते. त्यांना वाटलं होतं आपण नुसतं सोबतीला आलोय.

"ये कौन?"

"अम्मा, मैं खानेवाला," राजाभाऊ म्हणाले.

"तुम हरीस खाया?"

"खाया."

"कैसा था?"

इथं राजाभाऊंच्या आयुष्यात कधी आली नव्हती अशी पंचाईत झाली. दुकान, खुर्ची, शनिवार, सगळं त्या उत्तरावर टांगलेलं. गोड बोलून सुटता आलं असतं. पण जेवणाबद्दल खोटं बोलायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

"अम्मा, पहले दिन बहुत अच्छा था. हमारे यहाँ बच्चों को मऊ खिमट देते हैं, वैसा. पेट को माँ जैसा. दूसरे दिन थोड़ा बचा था, तो मैंने ऊपर लहसुन और लाल मिरची का तड़का मारा."

खतीजाबींनी डोळे मिटले. एसी घुरघुरत राहिला.

"हरीस को," उम्म राशिद म्हणाल्या, "तड़का."

"हाँ जी."

"फिर कैसा था?"

"फिर तो, अम्मा, मैंने कटोरी चाट ली."

बाईंच्या खांद्यांना काहीतरी झालं. राजाभाऊंना आधी वाटलं ठसका लागला. मग कळलं, हसतायत. हसता हसता त्यांनी एक सांदण उचललं, वास घेतला, तोडलं, खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं अर्धं तोंडात असतानाच ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं की नीरवला फोन लाव, अल बहारचा कागद घेऊन ये म्हणावं, आणि भाच्याला सांग, कॉफी दुसरीकडं विक. मिर्दिफ मोठं आहे.

दारातून निघताना त्यांनी राजाभाऊंना थांबवलं. "रमज़ान में आओ. मेरे सामने तड़का मारो. बुरा हुआ तो तुम खाओ, अच्छा हुआ तो हम."

"इन्शाल्ला," राजाभाऊ म्हणाले. चपला त्यांनी रस्त्यावर येईपर्यंत घातल्याच नाहीत.

त्या रात्री शोभनाताईंनी समिधाच्या डब्यात ताजा शिरा भरला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "उद्या नाही. आत्ता."

दुकान राहिलं. हॉर्न परत वाजायला लागले. ते गुलाबाचं भांडं आता गल्ली ओलांडून सारखं ये-जा करतं. तिकडून हरीस, इकडून घावने, तिकडून खजुराचा शिरा, इकडून सांदणं. आज ते कुणाकडं आहे, हे खतीजाबींना नेहमी ठाऊक असतं, आणि फ्रीजरवर त्या आता काहीही ठेवू देत नाहीत.

एक बदल मात्र झाला. पुढच्या शनिवारी राजाभाऊ नेहमीच्या वेळेला गेले, तर घाफाखालच्या खुर्चीत उम्म राशिद बसल्या होत्या. मोडक्या हातावर कोपर, मांडीवर बशी, बशीत पहिला घाणा. समोरून गाड्या येत होत्या, हॉर्न मारत होत्या, आणि त्या प्रत्येक गाडीकडं बघून यहयाभाईंना सांगत होत्या, हा कुणाचा मुलगा, याला साखर कमी द्या, याच्या आजीला साखरेचा त्रास होता.

राजाभाऊ थोडे घुटमळले. मग किराणावाल्याकडून दुधाची रिकामी क्रेट मागून आणली, उलटी घातली, तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि बसले. खतीजाबींनी दुसऱ्या घाण्याची बशी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी एक सांदण तोडून तोंडात टाकलं.

उम्म राशिदनी वाकून विचारलं, "कैसा है?"

"पहले वाला ज़्यादा अच्छा होता है, अम्मा," राजाभाऊ म्हणाले.

"मालूम है," त्या म्हणाल्या, आणि आपली बशी राजाभाऊंच्या हातापासून थोडी पलीकडं सरकवली.